अर्धवट आठवणाऱ्या कवितेचा माग

बालमित्रांनो, तुमच्या घरात अशी एखादी कविता आहे का, की जी सगळ्यांना थोडी थोडी येते, पण पूर्ण कुणालाच येत नाही? आजीला पहिल्या दोन ओळी येतात, बाबांना मधलाच एखादा शब्द आठवतो, काका नुसती चाल गुणगुणतात. कवी कोण, असं विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. मग कुणीतरी म्हणतं, "आम्हाला शाळेत होती," आणि विषय तिथंच संपतो.

आज आपण अशा कवितेचा माग कसा काढायचा ते बघू या. त्यातही एका खास जातीच्या कवितेचा, म्हणजे मरणावरच्या कवितेचा.

दचकलात ना? पालकहो, तुम्हीही पान उलटू नका. मरणाचा विषय मुलांच्या कानावर पडू नये असं आपल्याला वाटतं. पण मुलांच्या कानावर तो पडतोच. आजोबा जातात, शेजारचे काका जातात, घरातलं मांजर जातं. मुलं बघत असतात. विचारतात थोडं, पण मनात बरंच ठेवतात. आणि अशा दिवसांत कुणीतरी म्हटलेली एखादी कविता त्यांच्या डोक्यात अर्धीमुर्धी राहून जाते.

मरणावरच्या कविताच जास्त करून अर्धवट का राहतात, याचं कारण साधं आहे. शाळेतली कविता आपण वहीत उतरवतो, पाठ करतो, तिच्यावर प्रश्नोत्तरं लिहितो. मरणावरची कविता मात्र आपण अशा वेळी ऐकतो की, तेव्हा कुणाच्या हातात वही नसते. घर माणसांनी भरलेलं असतं. कुणी एक जण दोन ओळी म्हणतो, ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. "ही कुणाची हो कविता?" असं त्या वेळी विचारणंही बरं दिसत नाही. मग वर्षं जातात. त्या ओळी पुन्हा हव्याशा वाटतात, तेव्हा हातात राहिलेले असतात चार शब्द.

जगात याचं एक फार मोठं उदाहरण घडलेलं आहे. ते आधी सांगते.

गोष्ट आहे इंग्लंडची. १९८९ साली उत्तर आयर्लंडमध्ये एक तरुण ब्रिटिश सैनिक बॉम्बस्फोटात मारला गेला. त्याच्या सामानात एक पाकीट निघालं. आपल्या सगळ्या प्रिय माणसांसाठी म्हणून त्यानं ते ठेवलं होतं. आत एक कविता होती. छोटीशी, अगदी सोप्या शब्दांची. कवितेत मेलेलं माणूसच बोलतं. मागं राहिलेल्यांना ते सांगतं की, मी त्या थडग्यात अडकून पडलेलो नाही, तेव्हा तिथं उभं राहून मला शोधू नका; मी वाऱ्यात आहे, पावसात आहे, पिकलेल्या धान्यावरच्या उन्हात आहे. हे मी माझ्या शब्दांत सांगितलं हं. मूळ कविता याहून कितीतरी गोड आहे.

१९९५ साली त्या सैनिकाच्या वडिलांनी ती कविता बीबीसीवर वाचून दाखवली. आणि मग काय झालं असेल? "आम्हाला ती कविता पाठवा" अशी मागणी करणारी पत्रं येऊ लागली. थोडीथोडकी नव्हे, सुमारे ३०,०००! विचार करा, एका शाळेत तीनशे मुलं धरली, तर अशा शंभर शाळांतल्या प्रत्येक मुलानं एकेक पत्र लिहावं, इतकी. प्रत्येक पत्रामागं कुणीतरी गमावलेलं माणूस असणार.

पण कविता कुणाची, ते कुणालाच सांगता येईना! पाकिटात कवीचं नाव नव्हतं. त्या तरुणानं ती स्वतः रचली का? तसं नव्हतं. ती त्याच्या आधीपासून लोकांच्या तोंडी होती. १९७७ साली अमेरिकेतला प्रसिद्ध नट जॉन वेन यानं ती एका दिग्दर्शकाच्या शोकसभेत म्हटली होती. त्यानंही कवीचं नाव सांगितलं नव्हतं. कुणी म्हणे, ही अमेरिकेतल्या होपी आदिवासींची जुनी प्रार्थना आहे. कुणी म्हणे, होपी नव्हे, नवाहो लोकांची. कवितेत वारा-पाऊस आला की लोकांना वाटतं, ही फार जुनी, कुठल्या तरी आदिवासी लोकांची असणार. पुरावा मात्र कुणाजवळच नव्हता.

मग एक नाव पुढं आलं. मेरी एलिझाबेथ फ्राय. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात राहणाऱ्या या बाईंनी ही कविता आपली असल्याचं सांगितलं होतं. त्यांची हकिकत अशी : १९३२ साली त्यांच्या घरी जर्मनीतून आलेली एक ज्यू मुलगी राहत होती. तिची आई तिकडं जर्मनीत आजारी होती. त्या काळी ज्यू लोकांना जर्मनीत धोका होता, म्हणून ही मुलगी परत जाऊ शकत नव्हती. आई वारल्याची बातमी आली. आईच्या थडग्यापाशी उभं राहून रडायलाही मला मिळालं नाही, असं ती म्हणाली. ते ऐकून फ्रायबाईंनी समोर पडलेल्या सामानाच्या कागदी पिशवीवर ही कविता लिहून काढली.

हकिकत काळजाला हात घालणारी आहे, नाही का? खूप लोकांनी ती खरी धरली. २००४ साली फ्रायबाई वारल्या, तेव्हा त्यांच्यावरच्या मृत्युलेखांतही ही कविता त्यांचीच म्हणून छापून आली.

आता तुम्ही थोडे गुप्तहेर व्हा बघू. ही हकिकत आपण ऐकली. पुरावा काय पाहिला? १९३२ साली लिहिलेला कागद कुठं आहे? ती पिशवी कुणी जपून ठेवली होती का? नाही. या कवितेला फ्रायबाईंचं नाव प्रथम जोडलं गेलं ते १९८३ साली. म्हणजे मधे पन्नास वर्षं गेली. हकिकत चांगली आहे म्हणून ती खरी ठरत नाही. परीक्षेत उत्तर लिहिताना आपण म्हणतो ना, 'कारणे द्या'? तसंच इथं.

आणि कारण सापडलं! अमेरिकेत 'द जिप्सी' नावाचं कवितांचं एक मासिक निघत असे. त्याच्या डिसेंबर १९३४ च्या अंकात ही कविता छापलेली होती. शीर्षक होतं 'अमरत्व' या अर्थाचं. आणि खाली नाव होतं क्लेअर हार्नर. या हार्नरबाई मूळच्या अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या, जन्म १९०९ चा. त्यांचा भाऊ अचानक वारला, त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी ही कविता लिहिली होती. तिकडच्या लोकांनी ती उचलली. अंत्यविधीच्या वेळी म्हणू लागले. वर्तमानपत्रांनी ती पुन्हा छापली. तोंडातून तोंडात जाताना शीर्षक गळलं, नाव गळलं, शब्दही थोडे इकडचे तिकडं झाले. आणि पुढं ती पाकिटात जाऊन बसली तेव्हा बिननावाची झालेली होती.

तुमच्यातलं एखादं हुशार पोर विचारील, "बाई, १९३२ हे १९३४ च्या आधी येतं. मग फ्रायबाई आधी नाहीत का?" प्रश्न बरोबर आहे. पण नीट बघा. १९३२ हा आकडा पन्नास वर्षांनंतर तोंडी सांगितलेला आहे. १९३४ हा आकडा छापलेल्या कागदावर आहे आणि शेजारी कवयित्रीचं नावही आहे. दोन्हींचं वजन सारखं नाही. २०१८ साली 'नोट्स अँड क्वेरीज' नावाच्या इंग्रजी नियतकालिकात याविषयीचं टिपण आलं आणि कविता हार्नरबाईंची हे पुराव्यानिशी मांडलं गेलं.

या नियतकालिकाची गंमत सांगायलाच हवी. हे लंडनमध्ये १८४९ साली सुरू झालं ते अशाच कामासाठी. वाचकांनी लहानसहान प्रश्न पाठवायचे, अमुक म्हण कुठून आली, तमुक ओळ कुणाची, आणि दुसऱ्या वाचकांनी उत्तरं शोधून पाठवायची. म्हणजे 'मला ही कविता अर्धवट आठवते, कुणी सांगेल का?' असं विचारणारे तुम्हीआम्ही पहिले नाही. पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे मोठे विद्वान लोकही हेच विचारत होते.

हार्नरबाई १९७७ सालीच वारल्या होत्या. आपल्या कवितेसाठी हजारो लोक पत्रं लिहितील, हे त्यांना कळलंच नाही. जपानमध्ये अराई मान नावाच्या लेखकानं तिचं भाषांतर करून तिला चाल लावली. २००७ साली ते गाणं तिथं वर्षातलं सगळ्यात जास्त खपलेलं गाणं ठरलं. एका बहिणीनं भावासाठी लिहिलेली कविता, बघा, कुठल्या कुठं पोचली!

आता आपल्याकडं येऊ.

मी चौथीला शिकवते. माझ्या वर्गातली एक मुलगी एकदा मधल्या सुटीत डबा न खाता माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. तिची आजी दोन महिन्यांपूर्वी गेली होती. "बाई, आजी एक गाणं म्हणायची. मला शोधून द्याल?" मी विचारलं, "काय आठवतं तुला त्यातलं?" ती म्हणाली, "राजहंस आहे. आणि कुणीतरी झोपलंय. आणि आजी ते मोठ्यानं नाही म्हणायची, धान्य निवडताना हळू म्हणायची." एवढंच.

मी फळ्यावर तीन गोष्टी लिहिल्या : राजहंस, झोप, हळू चाल. आणि वर्गाला विचारलं, "सांगा, काय असेल?" सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "अंगाई!" पटण्यासारखंच होतं. झोप आहे, हळू चाल आहे, म्हणणारी आजी आहे. मग शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही सात-आठ जण गावातल्या वाचनालयात गेलो. ग्रंथपालांनी बालगीतांचं आणि अंगाईगीतांचं कपाट उघडून दिलं. पोरांनी पुस्तकांवर झडप घातली. चांदोबा सापडला, पाळणे सापडले, चिऊ-काऊ तर पानोपानी. राजहंस काही सापडेना.

तेव्हा ग्रंथपाल म्हणाले, "बाई, पोरांना सांगा, शब्द शोधू नका, माणूस शोधा. ही आजी किती वर्षांची होती? शाळेत केव्हा गेली? तिच्या घरात कोण वाचणारं होतं?" फार मोलाचा सल्ला होता हा. मुलगी घरी गेली. तिनं आजीच्या धाकट्या बहिणीला विचारलं. त्या मावशीआजी पंच्याऐंशीच्या घरातल्या. त्यांना शब्द आठवत नव्हते, पण त्या लगेच म्हणाल्या, "अगं, ती अंगाई नव्हे. ती गोविंदाग्रजांची. आमचे वडील म्हणायचे."

झालं! एका नावानं कुलूप उघडलं. पण वाचनालयात पुन्हा एक अडचण आली. मुलांनी नोंदवहीत 'ग' काढला आणि 'गोविंदाग्रज' शोधू लागली. नावच नाही! कारण पुस्तक नोंदवलेलं होतं 'गडकरी, राम गणेश' या नावाखाली. मुलांनो, गोविंदाग्रज म्हणजे राम गणेश गडकरी. 'एकच प्याला' हे नाटक लिहिणारे तेच. त्यांच्या धाकट्या भावाचं नाव गोविंद. अग्रज म्हणजे आधी जन्मलेला, मोठा भाऊ. गोविंदाचा मोठा भाऊ तो गोविंदाग्रज. कविता लिहिताना ते हे नाव घेत, आणि विनोदी लेख लिहिताना 'बाळकराम'. एकाच माणसाची तीन नावं! १८८५ मध्ये जन्मलेले गडकरी १९१९ मध्ये, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी वारले. त्यांच्या कवितांचा संग्रह आहे 'वाग्वैजयंती'. तो त्यांच्या मृत्यूनंतर निघाला. त्या संग्रहात आम्हाला आजीचा राजहंस सापडला.

आणि ती अंगाई नव्हतीच. त्या कवितेत एका आईचं लहान बाळ गेलेलं आहे. ते मांडीवर घेऊन ती बसलेली आहे. बाळ गेलं आहे, हे तिला ऐकायचंच नाही. ती म्हणते की, बाळ झोपलेलं आहे. बाळाच्या झोपेची अंगाईसारखी काळजी करत ती बोलत राहते. म्हणून तर ऐकणाऱ्याला ती अंगाई वाटते. वाचता वाचता आपल्याला कळत जातं की, ही झोप कुठली आहे. मी ती वाचून दाखवली तेव्हा वाचनालयात पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

मुलीनं कविता वहीत उतरवून घेतली. घरी बाबांना दाखवली. बाबांनी ती वाचली, बराच वेळ गप्प बसले, आणि मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. त्यांच्या आधी आजीला एक मुलगा झाला होता. तो वर्षाचाही नव्हता तेव्हा तापानं गेला. आजी त्याच्याविषयी कधी बोलत नसे. धान्य निवडताना ती ही कविता का म्हणायची, हे त्या दिवशी घरात सगळ्यांना कळलं. मुलगी मला सांगत होती, "बाई, मला आणखी एक काका होते." तिच्या वहीत कवितेच्या खाली तिनं आजीचं नाव लिहिलं आहे आणि त्याखाली त्या काकांचंही.

पालकहो, इथं तुमच्याशी दोन शब्द. या कवितेतली आई बाळ झोपलं आहे म्हणते, कारण तिच्यानं खरं सोसवत नाही. पण आपण लहान मुलांना "आजी झोपली आहे," "आजोबा गावाला गेले" असं सांगतो, त्याचा उपयोग होत नाही. उलट घोळ होतो. पाच-सहा वर्षांचं मूल शब्द जसेच्या तसे धरतं. आजी झोपली आणि उठलीच नाही, मग मी झोपलो तर? असं त्याला वाटू लागतं, आणि ते रात्री झोपायला घाबरतं. गावाला गेले म्हटलं, तर ते रोज वाट बघतं आणि आपल्याला न सांगता गेले म्हणून रुसून बसतं. त्यापेक्षा सरळ सांगावं : आजी वारली. तिचं शरीर खूप थकलं होतं, ते काम करायचं थांबलं. आता ती परत येणार नाही. आपल्याला वाईट वाटतं, रडू येतं, त्यात लाजायचं काही नाही. मुलांना हे समजतं. आणि मूल पुन्हा पुन्हा तेच विचारू लागलं, तर पुन्हा पुन्हा तेच उत्तर शांतपणानं द्यावं. अशा वेळी माणसाची आवडती कविता, गाणं, गोष्ट एकत्र बसून शोधणं हे फार चांगलं काम आहे. हाताला काम मिळतं, आणि गेलेल्या माणसाविषयी बोलायला निमित्तही मिळतं.

बरं, मुलांनो, आता तुम्हाला अशी कविता शोधायची असेल तर काय करायचं? आमच्या वर्गानं भिंतीवर एक तक्ता लावला आहे. तोच तुम्हाला देते.

एक. आठवतं ते लगेच लिहून काढा. चुकलं तरी चालेल. शब्द, चाल, कवितेत काय घडतं, हे सगळं. आणि ज्याची पक्की खात्री आहे त्याच्याखाली रेघ मारा. बाकीचं अंदाजाचं समजा.

दोन. कविता म्हणणाऱ्या माणसाची माहिती लिहा. जन्म कधीचा, शाळा कुठली, घरात कोण कोण होतं, रेडिओ होता का. माणूस १९५० साली शाळेत असेल, तर कविता त्याच्या आधीची किंवा त्या सुमाराची असण्याचा संभव जास्त.

तीन. घरातल्या आणि शेजारच्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसांना आधी विचारा. पुस्तकं कपाटात राहतील, ती कुठं जात नाहीत. माणसांचं तसं नाही. आणि विचारताना घाई करू नका. "आठवतं का?" असं विचारण्यापेक्षा "तुमच्या शाळेत कविता कशा शिकवायच्या?" असं विचारा. बोलता बोलता आठवतं.

चार. वाचनालयात गेलात की कवितासंग्रहाची शेवटची पानं बघा. काही संग्रहांत पहिल्या ओळींची अकारविल्हे सूची असते. शीर्षक माहीत नसलं तरी पहिल्या शब्दावरून कविता सापडते. आणि कवीचं टोपणनाव आणि खरं नाव, दोन्ही शोधा. नाहीतर आमच्यासारखं 'ग' मध्येच पण भलत्या पानावर हुडकत बसाल!

पाच. जुनी पाठ्यपुस्तकं बघा. आपली आजची पुस्तकं काढणारी बालभारती १९६७ साली सुरू झाली. त्याच्या आधी वेगवेगळ्या वाचनमाला होत्या. अत्र्यांची 'नवयुग वाचनमाला' कितीतरी आजी-आजोबांना आठवते. कुणाच्या माळ्यावर जुनं पुस्तक असेल, तर झुरळं झटकून आधी ते बघा.

सहा. मोबाईलवर शोधायला हरकत नाही. पण मोबाईलवर फिरणाऱ्या कवितांखालच्या नावावर लगेच विश्वास ठेवू नका. कुणीही लिहिलेली कविता कुसुमाग्रजांच्या नावानं फिरते, आणि लोक हात जोडून पुढं पाठवतात. यंत्राला प्रश्न विचारला तर ते कधी कधी अगदी ठासून चुकीचं नाव सांगतं. फ्रायबाईंची हकिकत आठवा. छापील पुस्तक किंवा जुना अंक डोळ्यांनी बघितल्याशिवाय 'सापडली' असं म्हणायचं नाही.

सात. सापडली की पूर्ण उतरवून काढा. कवीचं नाव, पुस्तकाचं नाव, साल हे सगळं खाली लिहा. नाहीतर तुमच्या नातवंडांना पुन्हा हाच सगळा उद्योग करावा लागेल!

हे सातवं कलम किती महत्त्वाचं आहे, ते बहिणाबाई चौधरींवरून समजतं. जळगावजवळच्या असोद्याला १८८० साली त्यांचा जन्म झाला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. दळता-कांडता, शेतात राबता त्या ओव्या रचत. ऐन तारुण्यात नवरा वारला, ते दुःखही त्यांच्या गाण्यांत आलं आहे. ती गाणी हवेतच विरून जायची. पण त्यांचा मुलगा सोपानदेव, जो स्वतः कवी होता, आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी त्यातली काही उतरवून ठेवली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्रे थक्क झाले. १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघालं आणि आज ती गाणी तुम्ही शाळेत म्हणता. विचार करा, त्या दोघांनी आळस केला असता तर? बहिणाबाईंची कितीतरी गाणी लिहून घ्यायची राहिलीच. ती आता कुणाला शोधता येणार नाहीत, कारण ती कुठल्याच कागदावर नाहीत.

म्हणून या आठवड्याचं शोधकाम असं : घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसापाशी बसा. त्यांना येत असलेली एक कविता, एक ओवी, एक गाणं, येईल तेवढं उतरवून घ्या. अर्धवट असलं तरी चालेल. मग तक्त्याप्रमाणे बाकीचं शोधा. कविता दुःखाची निघाली तरी टाकून देऊ नका. ती त्यांना का आवडते, ते विचारा. सांगितलं तर ऐका, आणि नाही सांगितलं तर आग्रह करू नका.

आणि आता एक कोडं. टोपणनावांची गाठ आज पडलीच आहे, तेव्हा ही पाच टोपणनावं कुणाची ते शोधून काढा : केशवसुत, बालकवी, कुसुमाग्रज, केशवकुमार आणि बी. यातला एक जण या लेखात त्याच्या खऱ्या नावानं येऊन गेला आहे, एवढी खूण देते. आई-बाबांना विचारलं तर चालेल, पण त्यांनी सांगितलेलं उत्तर पुस्तकात बघून पक्कं करा. उत्तरं पुढच्या अंकात!